शेवटचा फाटा

खोडदहून निघताना आमच्याजवळ दोन याद्या होत्या. एक न्यायच्या सामानाची: मसाला, हातवळणीच्या शेवया, खारीक, सुनेने सांगितलेला पोळपाट. दुसरी आणायच्या सामानाची. ती पहिलीपेक्षा तिप्पट लांब होती. मुलगा अमेरिकेत म्हटलं की गल्लीतला प्रत्येक जण आपला वाटा सांगून जातो, आणि "हो हो, इन्शाअल्लाह" म्हणण्यापलीकडे आपल्या हातात काही नसतं.

आमचा थोरला आठ वर्षांपासून सॅन दिएगो शहरात आहे. लहानपणी तो २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनाला, आमच्या गावच्या दुर्बिणीचं प्रदर्शन बघायला न चुकता जायचा. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना म्हणजे आम्हाला रोजचंच दृश्य. त्यांच्या कडेने टोमॅटोचे टेम्पो जातात, शेळ्या चरतात. पण याच्या डोक्यात त्या घुसल्या आणि तो इंजिनिअर झाला. त्याच्या दादीला त्याचं फार कौतुक. "माझा नातू आभाळाचं ऐकतो," असं ती सांगत फिरायची. तो मोबाइलच्या कंपनीत काम करतो हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

मागच्या पावसाळ्यात दादी गेली. आधी तीन आठवडे अंथरुणाला खिळून होती आणि रोज एकच विचारायची, "तो कधी निघतोय?" तो निघाला नाही. जनाजा त्याने फोनवर पाहिला. कब्रस्तानात पाऊस होता, फोन धरणाऱ्या पुतण्याचा हात हलत होता. माती देऊन झाल्यावर फोन बंद झाला. त्यानंतर तो दर आठवड्याला बोलायचा, आम्हीही बोलायचो, पण आमच्या मनात एक गाठ बसली होती. पैसा आहे, विमानं आहेत, मग राहिलं काय? मनच नसेल. तोंडाने आम्ही हे कधी म्हटलं नाही. त्याला ते ऐकू आलं असणारच.

तीन महिन्यांसाठी आम्हीच त्याच्याकडे गेलो. मोठी यादी घेऊन एका शनिवारी खरेदीला जायचं ठरलं. त्याची गाडी लहान. आम्ही दोघे, ते दोघे, दोन नातवंडं आणि परतीच्या पिशव्या एवढं त्यात मावेना, म्हणून त्याने एका दिवसासाठी सात आसनांची गाडी भाड्याने आणली. तिकडे भाड्याच्या गाडीबरोबर ड्रायव्हर येत नाही, किल्ली आणि कागद येतात. कागदावरच्या एका अटीवर त्याने बोट ठेवून सुनेला काहीतरी दाखवलं. आम्ही विचारलं नाही.

जायचं होतं सॅन यसिद्रोला, शहराच्या अगदी दक्षिण टोकाला. तिथे लास अमेरिकास नावाचा मोठा बाजार आहे. नामांकित कंपन्या मागच्या हंगामाचा किंवा उरलेला माल आपल्याच दुकानांत कमी भावाने विकतात, तशी शंभराहून जास्त दुकानं एका आवारात. आवार संपलं की मेक्सिकोचं कुंपण. रस्ता पाऊण तासाचा. गाडीत आमच्यात वाद चालला होता की अस्र कसर करायची की पुरती पढायची. आमचं म्हणणं, एवढा लांबचा मुलूख, आम्ही मुसाफिरच. मुलगा म्हणाला, "अब्बा, तुम्ही इथे पंधरा दिवसांपेक्षा जास्त राहणार, म्हणजे मुकीम झालात. आणि आजचा रस्ता अठ्ठेचाळीस मैलांच्या आतच आहे. चार रकातच." गावच्या मौलानांनीही हेच सांगितलं असतं.

तेवढ्यात दोन महामार्ग एकत्र आले आणि गाड्यांची दाटी झाली. आम्ही डाव्या बाजूच्या रांगेत होतो, उजवीकडे एक लांबलचक ट्रक. वर पाटी आली. नातवाने मोठ्याने वाचली, "लास्ट यूएसए एग्झिट." शेवटचा फाटा. मुलाने आरशात पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि ट्रकच्या पुढून गाडी अशी काही उजवीकडे घातली की आमच्या तोंडून एकदम कलमा निघाला. मागून हॉर्न वाजले. फाटा मिळाला. वाहनतळावर गाडी लावून त्याने इंजिन बंद केलं, पण स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. हात थरथरत होते.

"एवढं काय झालं?" आम्ही म्हणालो. "चुकलो असतो तर पुढून वळून आलो असतो." आम्हा दोघांपैकी कोण बोललं ते आता आठवत नाही. चाळीस वर्षांच्या संसारानंतर त्याने फरकही पडत नाही.

सून मुलांना घेऊन खाली उतरली. मग तो सांगायला लागला. फाटा चुकला की पुढे वळायला जागा नाही, रस्ता थेट मेक्सिकोत उतरतो. परत यायचं तर नाक्यावर तपासणी, आणि हे नाकं पश्चिम गोलार्धातलं सर्वांत वर्दळीचं, तासन् तास रांग. आमचे सगळ्यांचे पासपोर्ट घरी कपाटात. भाड्याची गाडी सीमेपलीकडे न्यायला मनाई, हीच ती अट. अमेरिकेतला गाडीचा विमा पलीकडे चालत नाही. "आणि माझा व्हिसा," तो म्हणाला, "तीन वर्षांपूर्वीच संपलाय."

आमच्या पोटात गोळा आला. मग त्याने समजावलं. तो तिथे बेकायदा नाही. काम करायचा आणि राहायचा परवाना वेगळा असतो, त्याची मुदत कंपनी वाढवून घेते. पासपोर्टावरचा शिक्का फक्त आत येण्यासाठी. आत असेपर्यंत तो लागत नाही. पण एकदा भारतात आला की नवा शिक्का घेतल्याशिवाय परत जाता येत नाही, आणि त्यासाठी मुलाखतीची तारीख मिळायला महिने जातात. मेक्सिकोला थोड्या दिवसांसाठी जाऊन येणाऱ्यांना काही सवलत आहे, पण तिलाही कागद जवळ लागतात.

"दादीच्या वेळी तिकीट काढून ठेवलं होतं," तो म्हणाला. "रोज रात्री तारखा बघायचो. सगळ्यांत जवळची तारीख पाच महिन्यांनंतरची. तोवर नोकरी राहिली नसती. नोकरी गेली की इथला परवानाही जातो, हिला आणि मुलांना घर गुंडाळावं लागलं असतं. शेवटी तिकीट रद्द केलं."

"आम्हाला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला बहाणा वाटला असता."

खरंच वाटला असता. आम्ही गप्प बसलो. बाहेर नात काचेवर टकटक करत होती, तिला आइस्क्रीम हवं होतं.

बाजाराविषयी फार लिहिण्यासारखं नाही. पाटीवरचा भाव खरा नसतो, बिल करताना वर पावणेआठ टक्के कर चढतो. पन्नास डॉलरचा बुटांचा जोड दिसला की आम्ही मनात क्रेटांचा हिशेब करायचो. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव गेला होता, त्या भावाने दोन क्रेटला जोड. पडलेल्या भावाने छोटा टेम्पो भरून. निम्म्या कपड्यांच्या आत शिवलेल्या पट्टीवर बांगलादेश, व्हिएतनाम नाहीतर आपलाच देश. यादीतल्या सात जणांना आम्ही तिथेच मनातल्या मनात माफी मागून टाकली.

गिऱ्हाईक मात्र बघण्यासारखं. अर्ध्याहून जास्त माणसं पलीकडच्या तिहुआना शहरातून खरेदीला आलेली, हातात मोठाल्या पिशव्या, तोंडी स्पॅनिश. आमचा रंग बघून एका दुकानातली मुलगी आमच्याशीही स्पॅनिशच बोलू लागली. त्यातला एक शब्द ओळखीचा वाटला, "कामिसा". ती सदरा दाखवत होती, म्हणजे आपली कमीजच! मुलगा हसला, पहिल्यांदाच त्या दिवशी. स्पॅनिशमध्ये साखरेला आसुकार म्हणतात, तो अरबी सुक्कर. आणि एखादी गोष्ट व्हावी अशी इच्छा असली की म्हणतात "ओहाला", ज्याच्या पोटात अल्लाहचं नाव आहे. सन ७११ ते १४९२ अशी जवळपास आठशे वर्षं स्पेनमध्ये मुसलमानांची राज्यं होती, ती भाषेत राहून गेली आणि जहाजांतून इथवर आली. बोलणाऱ्यांना याचा पत्ता असो नसो.

अस्रला आम्ही वाहनतळाच्या कडेला गवतावर चादर टाकली. बाटलीच्या पाण्याने वजू केला. खोडदला आपण मावळतीकडे तोंड करतो, तीच सवय हाडात. तिथे मावळतीला पॅसिफिक समुद्र, आणि किब्ला निघतो उत्तरेच्या थोडा पूर्वेला, कारण गोल पृथ्वीवरून मक्केचा जवळचा रस्ता तसा जातो. मुलाने फोनवर दाखवलं तरी पहिले दोन आठवडे आम्हाला चैन पडली नव्हती. त्या दिवशी कुंपण आमच्या पाठीशी आलं.

सलाम फेरला आणि मागे वळून पाहिलं. उंच लोखंडी कुंपण, त्याच्या पलीकडे डोंगरावर दाटीने घरं, मेक्सिकोचा प्रचंड झेंडा. १८४८ सालच्या तहापर्यंत आम्ही बसलो होतो ती जमीनही मेक्सिकोचीच होती. मुलगा म्हणाला, तिहुआनात मुसलमान मुसाफिरांसाठी एक निवारा आहे, नाव 'अस्सबील'. सॅन दिएगोच्या लॅटिना मुस्लिम फाउंडेशनने तो २०२२ साली सुरू केला. अफगाणिस्तानपासून आफ्रिकेपर्यंतची माणसं आश्रय मागायला त्या सीमेवर येऊन अडकतात. त्यांना तिथे हलाल जेवण मिळतं, नमाजला जागा मिळते. जकातीच्या आठ हकदारांत इब्नुस्सबील, म्हणजे वाटेत अडकलेला प्रवासी, येतो हे आपण लहानपणी पाठ करतो. घरी श्रीमंत असला तरी वाटेत हात रिकामे झाले तर त्याचा हक्क बनतो. दरवर्षी जकात काढताना आम्ही त्या नावावरून पटकन पुढे जायचो, कारण खोडदला असा माणूस कुठे भेटणार?

आम्ही मुलाकडे पाहिलं. तो चादरीची घडी घालत होता.

रात्री गाडी परत देऊन आल्यावर त्याने कपाटातून एक पुडकं काढलं. करड्या रंगाची लोकरी शाल, किमतीची चिठ्ठी अजून लटकत होती. चार वर्षांपूर्वी त्याच बाजारातून दादीसाठी घेतलेली. येईन तेव्हा स्वतः देईन म्हणून कुणाबरोबर पाठवली नव्हती. "तुम्हीच न्या," तो म्हणाला. "कुणाला द्यायची ते तुम्ही ठरवा."

विमानतळावर एक बॅग तेवीस किलोच्या वर भरली. दोन जोड बूट काढून त्याच्या हातात दिले, शाल राहू दिली.

गावी आल्यावर ती आम्ही शेजारच्या काकूंना दिली. शेवटच्या रात्री दादीच्या उशाशी त्याच बसून होत्या, तोंडात चमच्याने पाणी त्यांनीच घातलं. काकू आधी नको म्हणाल्या, मग चिठ्ठीवरचा आकडा किती रुपयांचा ते विचारलं, आणि खरा आकडा आम्ही सांगितला नाही. आता पहाटे डेअरीला दूध घालायला जातात तेव्हा ती अंगावर असते. परवा मुलाला व्हिडिओ कॉलवर लांबून दाखवली. अंधार होता, त्याला शाल दिसली नाही, मागची अँटेना तेवढी दिसली. "तारीख मिळाली," तो म्हणाला, "फेब्रुवारीची."