वरच्या दोन खोल्या

निवृत्तीचे पैसे हाती आले तेव्हा हिंगण्यात जो तो मला प्लॉट घ्या म्हणायचा. मी मात्र राहत्या घरावरच दोन खोल्या चढवल्या. २०१२ साल, खर्च आठ लाख. "किराया म्हणजे दुसरी पेन्शन," असं सौ.ला मोठ्या ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, "आणि रिकाम्या राहिल्या तर?" हे मी हिशेबात धरलंच नव्हतं!

महिन्याला सात हजार, म्हणजे वर्षाचे चौऱ्याऐंशी हजार. साडेदहा टक्के झाले. त्या वर्षी पोस्टाची ज्येष्ठ नागरिक योजना ९.३ टक्के देत होती. पण पोस्टातल्या पैशाला चुना मारावा लागत नाही, त्याची मोटार जळत नाही. दोन महिने खोल्या रिकाम्या गेल्या की पोस्टच पुढे. तरी इकडे एमआयडीसी, तिकडे वानाडोंगरीचं इंजिनीअरिंग कॉलेज, त्यामुळे विचारायला येणारे कमी नव्हते.

भीती वेगळीच होती. महालातल्या आमच्या जुन्या घरात वडिलांनी एक किरायेदार ठेवला होता. आपल्याकडे तेव्हा १९४९ चा सीपी अँड बेरारचा घरभाडे आदेश चाले. नियंत्रकाच्या परवानगीशिवाय किरायेदाराला काढता येत नसे. वडील फेऱ्या मारून थकले. ते गेले, किरायेदार राहिला. २००० साली नवा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला, म्हणून तर मला धीर आला होता.

आणि पहिला किरायेदार कोण यावा? माझाच विद्यार्थी! कारखान्यात लागलेला, दारात येऊन पाया पडला. त्याच्याकडे कागद कसा मागायचा? सौ.नं आठवण केली, मी तिलाच गप्प केलं. "हवं तितके दिवस राहा," असंही बोलून गेलो.

अडीच वर्षांनी मुलगी बाळंतपणाला यायची होती. खोल्या मागितल्या. तो म्हणाला, "सर, तुम्हीच म्हणाला होता ना, हवं तितके दिवस?"

वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, करार लेखी आणि नोंदवलेला नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, किरायेदार सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात, कलम ५५. नोंदणीची जबाबदारीही घरमालकाचीच, आणि करार अकरा महिन्यांचा असला तरी ती सुटत नाही. 'अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही' असं मी स्वतः चार जणांना सांगितलेलं होतं. असो.

कोर्टात गेलो नाही. तो आठ महिन्यांनी गेला. शेवटचे तीन किराये दिले नाहीत, मी मागितले नाहीत. मुलीचं बाळंतपण खालच्या बैठकीत झालं. सौ. त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

आता कॉलेजची मुलं ठेवतो. लीव्ह अँड लायसन्सचा करार, तीन महिन्यांचं डिपॉझिट, पोलिसांकडे माहिती. मुदत संपूनही कोणी राहिला तर कलम २४ आहे. दुप्पट किराया मागता येतो. मुलं बिचारी निमूट सही करतात, मलाच अजून अवघडल्यासारखं होतं.

तो विद्यार्थी परवा मेट्रोच्या लोकमान्य नगर स्टेशनात दिसला. पोरगी कडेवर होती. मला पाहून थबकला, वाकायला लागला, आणि मग पोरीचा फ्रॉक नीट करत राहिला. मी तिचं नाव विचारलं. त्यानं सांगितलं. तेवढ्यात गाडी आली.