पसंतीयादी तिच्या मनाची

भिलाईतली बहुतेक घरं दोन वेळापत्रकांवर चालतात: स्टील प्लांटची शिफ्ट आणि मुलांचं कोचिंग. १९५९ मध्ये इथली पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. पुढे काही वर्षांनी माझे सासरे भंडाऱ्याहून नोकरीसाठी इथे आले आणि रेल मिलमधून निवृत्त झाले. नवराही प्लांटमध्येच लागला. लेकीने अकरावीला विज्ञान घेतलं आणि ओळखीचा प्रत्येक माणूस विचारू लागला, ‘आयआयटी की एनआयटी?’

जेईईचा अभ्यास तिचा होता. आमच्या वाट्याला आली माहिती, कागदपत्रं आणि तारखा. हे काम निकालानंतर करायचं नाही, असं मी अकरावीतच ठरवलं. आयआयटी आणि एनआयटीचे प्रवेश २०१५ पासून ‘जोसा’ या जागावाटप यंत्रणेमार्फत एकत्र होतात. तिथे गेल्या वर्षांच्या क्लोजिंग रँक, म्हणजे प्रवेश मिळालेल्या शेवटच्या रँक, उघड मिळतात. मी त्या वहीत उतरवून काढल्या. एकाच शाखेसमोर कितीतरी आकडे असतात: होम स्टेट वेगळा, इतर राज्यं वेगळी, प्रवर्ग वेगळा, मुलींच्या जागा वेगळ्या. आपली ओळ कोणती ते नीट पाहिलं नाही, तर हिशेब चुकतो.

नागपूरचे भाऊजी सुट्टीत आले होते. ते म्हणाले, “वहिनी, आपण महाराष्ट्रातले. नागपूरच्या एनआयटीत, व्हीएनआयटीत, हिला होम स्टेट मिळेलच की.” तसं नसतं. एनआयटीच्या निम्म्या जागा होम स्टेटच्या असतात आणि राज्य ठरतं ते बारावी कुठून पास झालात त्यावरून. घरात मराठी बोलता, भंडाऱ्याला शेती आहे, यांतलं काही त्यात धरत नाहीत. म्हणजे छत्तीसगडात शिकलेल्या आमच्या मुलीसाठी रायपूर घरचं आणि नागपूर परराज्याचं. याउलट आयआयटीत होम स्टेट नसतंच. आयआयटी भिलाई २०१६ मध्ये सुरू झाली, तिचा कॅम्पस कुटेलाभाठ्याला, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. तरी भिलाईच्या मुलाला तिथे वेगळी जागा नाही. बाहेर स्थायिक झालेल्या मराठी घरांनी हा नियम दहावीनंतरच समजून घ्यावा, कारण मूल अकरावी-बारावी कुठे शिकणार यावर पुढचं बरंच अवलंबून असतं.

दाखल्यांचंही तसंच. ओबीसी नॉन-क्रीमी लेयर किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला प्रवेशाच्या वर्षी १ एप्रिल किंवा त्यानंतर काढलेला हवा. मे-जूनमध्ये आमच्याकडच्या च्वाइस सेंटरबाहेर भर उन्हात रांगा लागतात, त्या यासाठी. कंत्राटी कामगारांच्या घरांत आणखी एक गोष्ट पोचायला हवी. आयआयटी-एनआयटीत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असेल, तर ट्यूशन फी पूर्ण माफ होते. १ ते ५ लाखांच्या दरम्यान असेल, तर दोन-तृतीयांश. फीचा आकडा ऐकूनच माघार घेणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

निकाल लागला. रँक मधली आली. आता कॉलेज-शाखांची पसंतीयादी लावायची होती. नवऱ्याचं म्हणणं, जे मिळण्यासारखं आहे ते वर टाकू. नात्यातले म्हणत, कुठलंही कॉलेज चालेल, पण कॉम्प्युटरच. लेकीला मेटलर्जी हवी होती. सासऱ्यांनी कारण विचारलं. ती म्हणाली, “आजोबा, रूळ का तडकतो ते मला शिकायचंय.” सासरे काही बोलले नाहीत. उठून आतून माझी क्लोजिंग रँकची वही आणली आणि तिच्यासमोर ठेवली. शिवाय हा विषय जवळच शिकता येणार होता: रायपूरचं एनआयटी १९५६ मध्ये सुरू झालं तेच मुळी खाणकाम आणि धातुशास्त्राचं सरकारी कॉलेज म्हणून.

मी नवऱ्याला जागावाटपाची रीत समजावली. यादी वरून खाली तपासली जाते. वरची जागा नाही मिळाली, तरच खालची बघतात. आवाक्याबाहेरचं नाव पहिलं ठेवलं, म्हणून खालच्या जागेवरचा हक्क जात नाही. त्यामुळे क्रम लावावा तो फक्त आवडीचा. तिने नागपूरची मेटलर्जी पहिली ठेवली, रायपूरची दुसरी, मग रायपूरचं मायनिंग आणि त्याखाली बाकीचं.

पहिल्या फेरीत मायनिंग लागलं. तिने जागा स्वीकारली आणि ‘फ्लोट’ निवडलं, म्हणजे वरच्या पसंतीची वाट खुली राहिली. ‘स्लाइड’ने फक्त त्याच कॉलेजात वर सरकता येतं आणि ‘फ्रीझ’ केलं की विषय संपतो. फ्लोटमध्ये वरची जागा लागली की आधीची आपोआप सुटते. म्हणून खरोखर नको असलेलं काही वर ठेवायचं नाही. पुढच्या एका फेरीत रायपूरची मेटलर्जी मिळाली.

आता ओळखीतले आईबाप विचारायला येतात, तेव्हा मी आधी मुलाला बोलवायला सांगते. दाखले, तारखा, पैसे हे आपलं काम. ते वेळेत करावं आणि चोख करावं. यादीतला क्रम मात्र मुलांनी स्वतः लावावा, कारण पुढची चार वर्षं त्या वर्गात बसायचंय त्यांनाच.