कवीचे मौन

जेरार्ड मॅनली हॉपकिन्स यांचे चरित्र मी सेमिनरीत प्रथम वाचले. १८६८ साली येशूसंघात प्रवेश करताना त्यांनी आपल्या कविता जाळल्या आणि पुढील सात वर्षे ते जवळजवळ मौनच राहिले. डिसेंबर १८७५ मध्ये ‘डॉइचलंड’ हे जहाज थेम्सच्या मुखाशी वाळूत रुतले. जर्मनीतील कॅथलिकविरोधी कायद्यांमुळे देशोधडीला लागलेल्या पाच फ्रान्सिस्कन भगिनी तेथे बुडून मरण पावल्या. यावर कुणीतरी कविता लिहावी, असे रेक्टर बोलून गेले आणि हॉपकिन्स यांची लेखणी पुन्हा चालू लागली. मात्र संघाच्याच मासिकाने ती दीर्घ कविता नाकारली. १८८९ साली कवी निवर्तले. संपूर्ण कविता प्रसिद्ध झाली ती १९१८ साली!

धर्मगुरू या नात्याने मी घरोघरचे दुःख ऐकत आलो आहे. दारूपायी मोडलेला संसार, जमिनीच्या वाटणीवरून अबोला धरलेले सख्खे भाऊ, परदेशी गेलेल्या मुलांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले आईवडील. रात्री वही उघडली की हीच माणसे समोर येतात. प्रतिभा ही ईश्वरी देणगी खरी. पण तिला जागे करते ते परक्याचे दुःख. टाळ्यांसाठी लिहिणारा टाळ्या ओसरताच थांबतो. समाजाची जखम ज्याला दिसली, त्याला मात्र छापून येवो वा न येवो, लिहावेच लागते. आपल्या धर्मग्रामातील तरुण कवींनी एवढे ध्यानी धरावे.