दुसरी प्रत कुठे?

घरी नॅस बसवून द्या म्हणून फोन येतो तेव्हा समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सिनॉलॉजी घेऊ की क्यूनॅप? दोन डिस्कचं की चार डिस्कचं? मी उलट विचारतो, तुम्ही कितव्या मजल्यावर राहता आणि पुण्याबाहेर तुमचं हक्काचं माणूस कोण आहे? मशीन लावायला आलेला माणूस पत्रिका जुळवायला बसला, असं काहीसं समोरच्याला वाटत असणार. पण उत्तर मिळाल्याशिवाय मी मॉडेलचं नाव घेत नाही.

नॅस म्हणजे राउटरला केबलने जोडलेला, दिवसरात्र चालू राहणारा छोटा संगणक. आत हार्ड डिस्क. घरातले मोबाइल, लॅपटॉप आपापले फोटो त्यावर टाकतात, टीव्ही त्यावरचे सिनेमे दाखवतो. दोन डिस्क घातल्या आणि रेड वन निवडलं, की एकीवर लिहिलेलं त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जातं. एक डिस्क बंद पडली तरी घरात कुणाला पत्ता लागत नाही. इथेच लोक निर्धास्त होतात आणि इथेच माझा त्यांच्याशी वाद सुरू होतो. कारण चुकून एक फोल्डर डिलीट केला तर तोही त्याच तत्परतेने दोन्हीकडून जातो. 2022मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर व्हायरसने इंटरनेटवर उघडी राहिलेली क्यूनॅपची हजारो यंत्रं कुलूपबंद केली. त्यात किती डिस्क आहेत याच्याशी त्याला काहीच देणंघेणं नव्हतं. पाण्याला आणि चोरालाही नसतं.

पुण्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको खरं तर. 12 जुलै 1961ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि नदीकाठच्या पेठांमधल्या घरांतले कागद, फोटो, वह्या पाण्याबरोबर गेल्या. तेव्हा एक प्रत नारायण पेठेत आणि दुसरी शनिवारात असती तरी दोन्ही भिजल्या असत्या. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री आंबिल ओढा घरांत शिरला. जुलै 2024मध्ये सिंहगड रोडची एकतानगरी पाण्यात होती. आणि नुसतं पाणीच कशाला? प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारात, म्हणजे आजच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, जानेवारी 2003मध्ये नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. जे चित्रपट आधीच दुसऱ्या फिल्मवर उतरवून दुसरीकडे ठेवले होते, ते त्या आगीतून सुटले.

मागे आंबिल ओढ्याजवळच, अरण्येश्वरच्या बाजूला, तळमजल्यावर राहणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे गेलो होतो. काकांनी चार डिस्कच्या यंत्राचं कोटेशन आणून ठेवलं होतं, एकेक डिस्क आठ टीबीची. म्हटलं, आधी आहे काय ते तर बघू. दोन बाहेरच्या डिस्क, तीन पेनड्राइव्ह, काकूंचा जुना फोन. उघडून बघितलं तर बहुतेक जागा सिनेमांनी आणि मालिकांनी खाल्लेली. उरलं ते असं: मुलांचे लहानपणापासूनचे फोटो, वडिलांच्या मोडी कागदांचे स्कॅन, आणि साठच्या दशकात घरी झालेल्या एका गाण्याच्या बैठकीची स्पूलवरून उतरवून घेतलेली फाइल. हे सगळं मिळून एक टीबीसुद्धा भरेना.

“मग एवढं मोठं कशाला घ्यायचं?” काकू म्हणाल्या. कोटेशन काकांनी घडी करून खिशात घातलं.

माझं मत साधं आहे. एका मोठ्या यंत्राच्या पैशात दोन छोटी घ्यावीत आणि ती दोन गावांत ठेवावीत. सिनेमे पहिल्यावर राहू देत, ते गेले तर पुन्हा मिळतात. जे पुन्हा मिळणार नाही तेवढंच दुसरीकडे पाठवायचं. टीव्हीसाठी मात्र प्रोसेसर बघून घ्यावा: फोरकेचा व्हिडिओ जुन्या टीव्हीला झेपेल असा बदलून देण्याची सोय काही यंत्रांत असते, काहींत नसते, आणि किंमत बघून ते कळत नाही.

डिस्कच्या बाबतीत मी हट्टी आहे. काही डिस्कमध्ये जागा वाचवायला एक ट्रॅक दुसऱ्यावर अर्धवट चढवून लिहितात, कौलांसारखे. त्याला एसएमआर म्हणतात. मधला मजकूर बदलायचा तर शेजारचाही पुन्हा लिहावा लागतो. एरवी जाणवत नाही, पण मेलेल्या डिस्कच्या जागी नवी घालून सगळं तिच्यावर भरायची वेळ आली की ती रेंगाळते, कधी यंत्र तिला नापास करून बाहेर काढतं. 2020मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेत अशा डिस्क असल्याचं उघड झाल्यावर बराच गदारोळ झाला. त्यानंतर रेड प्लस हे वेगळं नाव आलं. तपकीर गल्लीत घ्या किंवा ऑनलाइन, मॉडेल नंबर टाकून सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवणारी, आहे ना, एवढं बघा. आणि चार टीबीची डिस्क तीन पॉइंट सहा दाखवते. काकांनी लगेच विचारलं, “अहो, चार सांगितली होती ना?” कंपनी हजाराने मोजते, संगणक एक हजार चोवीसने. फसवणूक नाही, पण स्पष्टीकरण दर घरी द्यावं लागतं.

यूपीएस हवाच. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणार हे पुणेकराला ठाऊक असतं, यंत्राला नसतं. यूपीएसची यूएसबी केबल नॅसला जोडली की बॅटरी उतरत आल्यावर ते फाइली नीट मिटवून स्वतःच बंद होतं. ही केबल मी बहुतेक घरांत खोक्यातच पडलेली बघतो.

काकांनी शेवटी दोन छोटी यंत्रंच घेतली. जोडणी झाल्यावर काकूंना म्हटलं, एक फोटो डिलीट करा. त्या तयार होईनात. शेवटी मुलाच्या मुंजीतला एक हललेला फोटो निवडला. उडवला, आणि यंत्राने आदल्या रात्री जपून ठेवलेल्या स्थितीतून, म्हणजे स्नॅपशॉटमधून, त्यांच्याच हाताने परत आणवला. तो कसा आणायचा हे काकूंनी वहीत लिहून घेतलं, ॲडमिनचा पासवर्डही, आणि वही लॉकरच्या कागदांबरोबर ठेवली. काकांना ते फारसं रुचलं नाही. पण उद्या काका नसताना हे उघडणार कोण?

दुसरं यंत्र नाशिकला, भाच्याच्या घरी, चौथ्या मजल्यावर. पहिली भरती इथेच केली, घरच्या केबलवरून. शंभर एमबीपीएसच्या लाइनने एक टीबी वर चढवायला, लाइन पूर्ण वेगाने चालली तरी, बावीस-तेवीस तास जातात. मग यंत्र गाडीत घालून काका स्वतः नाशिकला देऊन आले. आता रोज रात्री फक्त नवं जेवढं असेल तेवढंच जातं, तेही कुलूप लावून, म्हणजे भाच्याला आत काय आहे ते वाचता येत नाही. यंत्र पंधरा-वीस वॅट खातं, म्हणजे त्याच्या बिलात महिन्याला चौदा युनिटांपर्यंत वाढ. ते पैसे देण्याचा विषय काकांनी फोनवर काढला, आणि भाचा त्यांच्यावर चांगलाच उखडला. त्याच आठवड्यात त्याने मला फोन केला: त्याच्या मुलांचे फोटो अरण्येश्वरच्या यंत्रावर पाठवता येतील का? येतील म्हटलं, पण काकांचं यंत्र आधी जमिनीवरून उचलून माळ्याखालच्या फळीवर ठेवू.