आता ओळखू येत नाही

सुरुवातीच्या वर्षांत, एचआयव्हीची औषधं मिळतात त्या सेंटरच्या बाकावर आम्ही एकमेकांना गालांवरून ओळखायचो. गाल आत गेलेले, हातापायांच्या काड्या, शिरा टरारून वर आलेल्या. विचारावं लागत नसे. गंमत म्हणजे हे रूप आजारापेक्षा औषधानं दिलेलं असायचं. स्टॅव्ह्युडीन नावाची गोळी माणसाला जगवायची, पण चेहऱ्यावरची चरबी झिजवायची आणि तळपायांची आग आग करायची. तरी ती मिळते याचंच अप्रूप होतं. सरकारनं ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली 1 एप्रिल 2004 ला, मुंबईच्या जेजेसारख्या मोजक्या रुग्णालयांत. आमचे मालक त्याआधीच गेले.

पुढे एफाव्हिरेंझ आली. ती झोपताना घ्यायची, कारण डोकं गरगरायचं. आणि स्वप्नं पडायची ती थेट रंगीत सिनेमासारखी. माझ्या स्वप्नात गेलेले नातेवाईक पंगतीत बसून जिलेबी मागायचे. आता टीएलडी आहे. तीन औषधं एकाच गोळीत, दिवसातून एकदा. काहींचं वजन वाढतं, तसं माझंही वाढलं, आणि गल्लीतल्या बायका म्हणतात, "काकू, तब्येत मस्त झाली की!" व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातला विषाणू मोजणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टवर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' असं येतं. लोड असा दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे मोठमोठ्या अभ्यासांनी सिद्ध केलंय. गोळ्या थांबवल्या की विषाणू पुन्हा वाढतो, म्हणून त्या जन्मभर घ्यायच्या.

उपचार इतके चांगले झाले, की आमच्याकडे पाहून कुणाला काही कळत नाही. आणि कळत नाही म्हणून लपवणं सोपं झालं. माझी बीपीची गोळी ओट्यावर, चहाच्या डब्याशेजारी असते. ती चुकली तर जाऊबाई हाक मारतात. ही दुसरी गोळी ट्रंकेत, साड्यांच्या खाली. बाटली एसटीत खुळखुळते म्हणून तिच्यात कापूस कोंबायचा, लेबल खरवडून काढायचं, रिकामी बाटली घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. महिना संपला की काउन्सेलर मॅडम उरलेल्या गोळ्या मोजतात. या बाकीच्या उस्तवारीचा हिशेब मात्र कुणी मागत नाही.

लपवणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. गोव्यात 1989 साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी नेलं आणि टीबीच्या जुन्या सॅनेटोरियममध्ये कोंडून ठेवलं. त्याचा गुन्हा काय, तर रक्तदान केलं आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. आता 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे. नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करायला मनाई आहे, संमतीशिवाय कुणाची माहिती फोडायलाही. पण कायदा काही स्वयंपाकघरात येऊन जाऊबाईंच्या शेजारी बसत नाही. लोकांच्या डोक्यात अजून एड्सची भीती घालणारं ते जुनं कवटीचं पोस्टर आहे, आणि ते खोटं ठरवू शकणारी आम्ही धडधाकट माणसं गप्प बसलोय. याचं मला वाईट वाटतं, आणि तरीही मी गप्पच आहे.

एवढ्यानं भागलं असतं तर ठीक होतं. पण वय वाढलं, गुडघे बोलायला लागले. हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम लिहून दिलं आणि विचारलं, "आणखी काय चालू आहे?" दार सताड उघडं. पुढचा पेशंट आतच स्टुलावर येऊन बसलेला, आमच्याच आळीतला. मी म्हटलं, "बीपीची, बस." टीएलडीतल्या डोल्युटेग्राव्हिरसोबत उपाशीपोटी कॅल्शियम घेतलं तर ते औषध अंगी नीट लागत नाही. एक तर दोन्ही जेवणासोबत घ्यायची, नाहीतर कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनी ही गोळी घ्यायची. हे मला सेंटरवरच्या फार्मासिस्टनं सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. पोटातल्या जळजळीचं औषध, लोहाच्या गोळ्या, टीबीचं रिफॅम्पिसिन, या सगळ्यांचं या गोळीशी काही ना काही गणित आहे. आता आमच्यातले पुष्कळजण पन्नाशी ओलांडताहेत. आम्ही सगळ्याच डॉक्टरांच्या दारात येणार.

तेव्हा डॉक्टरसाहेब, एवढंच करा. आणखी कोणती औषधं चालू आहेत हे जरूर विचारा, पण त्याआधी पुढच्या पेशंटला बाहेर बसवा आणि दार लावून घ्या.