मुळांवरच्या गाठी

२०२२ सालच्या हंगामात आमच्या भालकीजवळच्या शेतातील तूर शेंगांवर आली होती. एके सकाळी पाहतो तो हिरव्या ओळींत मधूनच झाडे माना टाकून उभी. त्या साली कलबुर्गी-बीदरकडील अनेक शिवारांत मर रोगाने असेच थैमान घातले. अण्णांनी एक वाळके झाड खालून चिरून दाखविले. आत काळसर रेघा होत्या.

"पाणी चढायची वाटच बुजली रे," ते म्हणाले. "पुढच्या साली सोयाबीन टाकू."

तुरीवाचून आपले घर, ही कल्पनाच मला सोसवेना. वरणाशिवाय पान वाढलेले आमच्या आईने कधी पाहिले नसेल!

मर हा बुरशीचा रोग. ही बुरशी जुन्या खुंटांवर वर्षानुवर्षे जमिनीत तग धरते. परंतु त्याच मातीत तुरीचे सोबतीही राहतात. तिच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला पचेल अशा रूपात आणून देतात व मोबदल्यात झाडाकडून साखर घेतात. १८८८ साली बाइयेरिंक या डच शास्त्रज्ञाने असे जिवाणू गाठींतून वेगळे करून दाखविले. आपले आजोबा त्यापूर्वीपासून तुरीचा बेवड चांगला म्हणत, ते उगीच नव्हे. दुसरा सोबती स्यूडोमोनास. हा मुळांभोवतीचे लोह आधीच बळकावून बुरशीला उपाशी ठेवतो.

अण्णांकडून मोठ्या मिनतवारीने एक एकर मागून घेतला. वडील पेरीत तशी ज्वारीच्या ओळींत तूर घ्यायची ठरली. ज्वारीच्या सोबतीने मर कमी होते, हे आता प्रयोगांनीही दिसून आले आहे. जिवाणूंची पाकिटे मीच आणली आणि शहाण्यासारखी पडवीच्या पत्र्याखाली भर उन्हात ठेवून विसरलो. आतला जीव उष्णतेने मरतो, हे पाकिटावरच छापलेले होते! वहिनींनी ती उकिरड्यावर टाकली आणि मी निमूटपणे दुसरी आणली. दहा किलो बियाण्यास पाव किलो, गुळाच्या पाण्यात कालवून चोळले व सावलीत सुकविले.

भाद्रपदात एक रोप मुळासकट उपटले. पुतण्याला गाठी दिसताच तो म्हणाला, "काका, हिला तर कीड लागली. औषध मारायचं का?" मी नखाने एक गाठ फोडली. आत गुलाबी रंग. आपल्या रक्तातील रंगद्रव्याच्या नात्यातले द्रव्य तिथे असते आणि गाठ कामात असल्याची तीच खूण. अण्णांनी ती बराच वेळ तळहातावर धरली.

२०२३ साली पावसानेच दगा दिला, तेव्हा उतारा मोजण्यात अर्थ नव्हता. मेलेली झाडे मात्र अण्णा रोज ओळीने मोजीत. त्या एकरातही काही मेलीच, पण शेजारच्या तुकड्याहून कमी. सुगी संपल्यावर त्यांनी खुंट उपटून जाळले आणि सोयाबीनच्या बियाण्याविषयी मला काही विचारले नाही.