तुळजापूर : उतरण्यापूर्वी चढणीचा विचार

माझ्या दवाखान्यात वर्षानुवर्षे येणाऱ्या एका आजींच्या आठवणीने आरंभ करतो. त्यांचे वय तेव्हा ७८ होते. रक्तदाब, मधुमेह आणि दोन्ही गुडघ्यांची झीज, हे त्यांचे जुने सोबती. दर वर्षी त्या सोलापूरहून तुळजापूरला जात. एके वर्षी त्यांच्या मुलाने मला बाजूला घेऊन सांगितले, “डॉक्टर, आई तुमचं ऐकते. तुम्हीच नाही म्हणा.” मी नाही म्हटले. दोन प्रश्नही न विचारता दिलेला तो सल्ला आजींनी निमूटपणे पाळला. पुढे त्या अंथरुणाला खिळल्या. एकदा तपासायला घरी गेलो, तेव्हा म्हणाल्या, “पायऱ्या नको म्हणालात ते खरंच हो. पण डॉक्टरसाहेब, गाव बघायला काय हरकत होती?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजी गेल्यावर काही दिवसांनी मी तुळजापूरला गेलो, तो हात जोडण्यासाठी आणि थोडासा तपासणीसाठीही. जन्मापासून पाहिलेले ते गाव मी प्रथमच वृद्धांच्या पायांनी चालून पाहिले. पुढच्या वर्षी माझ्या ८१ वर्षांच्या आईला घेऊन गेलो. त्या दोन फेऱ्यांत जे कळले, ते आपल्यापुढे ठेवतो.

सोलापूरपासून तुळजापूर ४५ किलोमीटर. तुळजापूर नाका मागे पडला की दुतर्फा शेते लागतात. थंडीच्या दिवसांत ज्वारी उभी असते आणि जागोजागी हुरड्याच्या पाट्या दिसतात. तामलवाडी ओलांडल्यावर बालाघाटाची रांग समोर येते आणि गाडी घाट चढू लागते. हे मध्ययुगीन गाव डोंगराच्या कडेवर वसले आहे. मोठा चढ गाडीच चढून जाते. म्हणून तुळजापूर सोपे वाटते. घोटाळा होतो तो नेमका येथेच.

जेजुरीला पायऱ्या आधी चढायच्या असतात. दम लागला तर मध्येच मागे फिरता येते, आणि परतीचा रस्ता उताराचा असतो. तुळजापुरी याच्या उलट आहे. गाव वर, मंदिर खोलगट भागात. राजे शहाजी महाद्वारातून आत गेले की पायऱ्या खाली उतरतात. वाटेत कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ लागते. पुढे निंबाळकर दरवाजा आणि मग गाभाऱ्यापुढचे प्रांगण. उतरताना दम लागत नाही, उत्साह असतो, संबळाचा आवाज कानी येत असतो. मग रांगेत उभे राहणे होते. त्यानंतर, म्हणजे थकलेल्या पायांनी आणि बहुधा रिकाम्या पोटी, तीच उंची चढून परतावे लागते. म्हणून तुळजापूरचा बेत नेहमी शेवटच्या चढणीपासून मागे आखत यावा. निर्णय महाद्वारापाशी नव्हे, घरी व्हायला हवा.

त्यासाठी निघण्यापूर्वी आठवडाभर आधी एक साधी परीक्षा घ्यावी. आपल्या नेहमीच्या संथ गतीने दोन मजले चढून पाहावेत. वर पोहोचल्यावर न थांबता एक पूर्ण वाक्य बोलता आले, छातीत दाब आला नाही, डोळ्यांपुढे अंधारी आली नाही, तर पुढचा विचार करण्यास हरकत नाही. यांपैकी काही जाणवले, तर प्रवास पुढे ढकलून आधी आपल्या डॉक्टरांना दाखवावे. अलीकडे हृदयविकाराचा झटका, शस्त्रक्रिया किंवा पक्षाघात झाला असेल, तर ही परीक्षाही स्वतःच्या मनाने घेऊ नये.

आता पायऱ्यांविषयी. उतरताना दम वाचतो, पण गुडघ्यांवर शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट किंवा त्याहूनही अधिक भार येतो. तोल जाण्याचा धोकाही उतरतानाच जास्त. उतरताना दुखरा पाय आधी खाली टाकावा, चढताना धडधाकट पाय आधी वर टाकावा. सोबत्याने नेहमी एक पायरी खाली राहावे; म्हणजे उतरताना पुढे आणि चढताना मागे. दोन्ही काखांत हात घालून वृद्धांना उचलत नेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती टाळावी. त्याने खांदे दुखावतात आणि त्यांना स्वतःचा तोल सांभाळता येत नाही. आपला हात पुढे करावा, तो त्यांना धरू द्यावा. कठडा असेल तेथे कठडाच उत्तम. दर दहा-बारा पायऱ्यांनंतर थांबावे, दम लागण्याची वाट पाहू नये.

देवळात पादत्राणे चालत नाहीत, आणि आपल्या भागातले काळे दगड दुपारी तव्यासारखे तापतात. ज्यांना चटका जाणवतो ते झटकन सावलीत जातात. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या अनेकांच्या तळपायांची संवेदना मात्र मंदावलेली असते. त्यांना पाय भाजल्याचे कळतही नाही. रात्री घरी फोड दिसतो आणि पुढे त्याची जखम चिघळते. असे पाय मी पाहिले आहेत. उपाय अगदी साधा आहे: सकाळी लवकर जावे, जाड सुती मोजे घालावेत आणि घरी परतल्यावर उजेडात दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्यांसह, कोणीतरी नीट पाहावेत.

दुसरा प्रश्न उपवासाचा. दर्शन होईपर्यंत काही न खाण्याचा नेम अनेकांचा असतो. पण इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी घेऊन उपाशी राहिल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, विनाकारण चिडचिड, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे. सोबतचे लोक त्याला ऊन लागले असे समजतात आणि मोलाचा वेळ जातो. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी बरे न वाटल्यास पुन्हा द्यावे आणि नंतर खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. छातीत दाब, घाम, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ असे काही झाल्यासही हेच करावे, आणि रुग्णाला एकही पायरी चढायला लावू नये. उपवास करायचाच असेल, तर त्या दिवशीची मात्रा आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावी.

तिसरी गोष्ट वृद्ध मंडळी संकोचाने बोलत नाहीत. प्रवासात लघवीची अडचण नको, म्हणून ती आदल्या रात्रीपासून पाणी कमी करतात आणि लघवी वाढवणारी गोळी गुपचूप टाळतात. उतारवयात तहानेची जाणीव आधीच मंदावलेली असते. त्यात ऊन आणि रांग, म्हणजे भोवळ ठरलेलीच. मुलांनो, स्वच्छतागृह कोठे आहे याची चौकशी आधी तुम्ही करा आणि तसे आईवडिलांना सांगा. पाण्याचा प्रश्न तेवढ्यानेच सुटतो. गोळीची वेळ बदलायची झाल्यास डॉक्टरांना विचारून बदला.

दिवसाची निवड हे निम्मे औषध आहे. मंगळवार, शुक्रवार, रविवार, पौर्णिमा आणि नवरात्र वृद्धांसाठी टाळावे. कोजागरीला तर सोलापुरातून हजारो माणसे पायी निघतात. तो उत्साह घरूनच अनुभवावा. दिवाळीनंतर माघापर्यंतचा एखादा बुधवार वा गुरुवार, पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी परतीच्या वाटेला लागणे, हे उत्तम. मंदिराच्या कामांमुळे रांगांची व्यवस्था बदलत असते, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करावी. औषधांची नावे आणि मात्रा लिहिलेला कागद वृद्धांच्या खिशात किंवा पिशवीत असू द्यावा.

आणि ज्यांना दोन मजल्यांची परीक्षा जमली नाही, त्यांचे काय? आजींच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. टाळेबंदीत मंदिर बंद असताना अनेक भाविकांनी महाद्वारापाशीच हात जोडले. तो नमस्कार उणा होता, असे कोणी म्हणाले नाही. महाद्वाराबाहेर कुंकवाच्या राशी, कवड्यांच्या माळा आणि परड्या विकणारी दुकाने आहेत, गोंधळी आहेत. घाटाच्या कडेवरून खाली पसरलेला सोलापूरकडचा मुलूख दिसतो. हे सारे एकही मोठी पायरी न उतरता मिळते.

माझी आई परीक्षेत पास झाली होती. तरी महाद्वारापाशी ती क्षणभर थांबली, खाली पाहिले आणि म्हणाली, “तू जाऊन ये रे. मी इथं बसते. परत चढायचंय ते मला, तुला नाही.” माझा सारा बेत तिने एका वाक्यात सांगून टाकला. मी खाली जाऊन आलो, तेव्हा ती एका दुकानदारीणबाईंशी गप्पा मारत बसली होती. दोघींचे माहेर जवळजवळच्या गावांतले निघाले होते. नंतर गाडीत आम्ही भाकरी, दही आणि शेंगाचटणी खाल्ली. परतताना तिने विचारले, “पुढच्या वर्षी येऊ ना?”

तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. नवरात्रातील युद्धाने थकलेली देवी दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत मंचकी निजते, अशी परंपरा आहे. त्या निद्रेला श्रमनिद्रा म्हणतात. श्रमानंतर विश्रांती हवी, हे जिथे देवीच्या बाबतीतही मानले जाते, तिथे आपल्या आईवडिलांना पायरीवर घटकाभर बसू देण्यात, किंवा वरूनच हात जोडू देण्यात, कसला कमीपणा?

काळजी घेणाऱ्या मंडळींना एवढेच सांगतो. “नाही” हा शब्द उच्चारायला सोपा आहे. मीही तो उच्चारला आहे. त्याऐवजी दोन मजले चढवून पाहा, औषधांचा कागद लिहा, बरा दिवस निवडा आणि कुठवर जायचे हे त्यांना ठरवू द्या. खाली जाणे जमले नाही, तरी गाव तर पाहून होईल.